जुन्या लाकडी ड्रमचा नाद आणि त्याचे मोल

जुना लाकडी ड्रम विकत घेऊ पाहणाऱ्याला आरंभीच एक प्रश्न निकालात काढावा लागतो, तो असा की हे वाद्य वाजवण्यासाठी घ्यायचे आहे की संग्रही ठेवण्यासाठी. दोन्ही हेतू पुरे करणारे वाद्य मिळतच नाही असे नाही, परंतु ते विरळा. कारण ज्या दुरुस्तीने जुन्या ड्रमचा नाद पुन्हा उभा राहतो त्याच दुरुस्तीने बहुधा संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल उतरते, आणि ज्या ड्रमला संग्राहक सर्वाधिक दाम मोजतो तो वाजवण्याजोग्या अवस्थेत असेलच याची खात्री नसते. प्रस्तुत लेखात साधारणतः १९३० पासून १९६० च्या दशकाअखेरपर्यंत अमेरिकेत बनलेल्या लाकडी स्नेअर ड्रमचा विचार केला आहे, कारण जुन्या ड्रमच्या बाजारात या वाद्यांना मोठी मागणी आहे, फसगतीही त्यांच्याच बाबतीत पुष्कळ होतात, आणि नाद व मोल यांची ओढाताण त्यांच्यात फार स्पष्टपणे पाहावयास मिळते.

स्नेअर ड्रम हे ड्रमसंचातील मध्यवर्ती वाद्य होय. सुमारे १४ इंच व्यासाचा आणि बहुधा पाच ते आठ इंच खोलीचा हा दंडगोल दोन्ही तोंडांनी उघडा असतो; वरच्या तोंडावर काठीचा आघात झेलणारी पुडी आणि खालच्या तोंडावर तिच्याहून पातळ पुडी ताणलेली असते, आणि खालच्या पुडीला लागून धातूच्या बारीक, पीळदार तारांची पट्टी बसवलेली असते. वरची पुडी हलली की आतील हवेच्या दाबाने खालची पुडी हलते, तारा तिच्यावर आपटतात, आणि ताशाच्या कडकडाटाशी दूरचे नाते सांगणारा करकरीत आवाज निर्माण होतो. पुढील विवेचनात ड्रमच्या लाकडी दंडगोलासाठी तबलावादकांच्या बोलीतला ‘खोड’ हाच शब्द वापरला आहे. पुडी दाबून धरणाऱ्या वर्तुळाला ‘कडे’, कडे खाली ओढणारे स्क्रू ज्यांत फिरतात त्या खोडावर बसवलेल्या भागांना वादकांच्या नित्य वापरातला ‘लग’ हा शब्द, आणि तारा पुडीला लावण्याच्या व सोडण्याच्या यंत्रणेला ‘कळ’ असे म्हटले आहे.

शब्द तबल्याचा घेतला तरी आडाखे मात्र तबल्याचे लावून चालत नाही. तबल्याचे खोड ओंडक्यातून कोरून काढलेले, जाड भिंतीचे आणि तळाशी बंद असते, त्यामुळे वजनदार खोड ते चांगले खोड अशी आपल्याकडील जाणत्यांची समजूत असते आणि तबल्यापुरती ती योग्यही आहे. जुन्या अमेरिकी ड्रमचे खोड याच्या जवळजवळ उलट, म्हणजे पातळ, हलके आणि दोन्हीकडे मोकळे असते, आणि त्याचा हलकेपणा हाच त्याच्या नादाचा एक आधार असतो. दुसरा भेद अधिक मूलभूत आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात सहलेखकासह प्रसिद्ध केलेल्या टिपणात असे दाखवले की तबला-मृदंगाच्या पुडीवरील शाईमुळे तिचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात आणि म्हणून या वाद्यांना निश्चित स्वर लाभतो. साध्या, एकसारख्या जाडीच्या पुडीचे उपस्वर मात्र असे पटीत बसत नाहीत. पाश्चात्त्य ड्रमच्या पुडीवर शाई नसते, त्यामुळे त्याचा ‘स्वर’ कसा आहे हा प्रश्न फारसा उपयोगाचा ठरत नाही. तेथे ऐकायचे असते ते आघाताचा पहिला क्षण किती टोकदार आहे, त्यामागचा घुमारा गडद आहे की उजळ, तो किती लवकर विरतो, आणि अगदी हलक्या आघातालाही तारा लगेच बोलतात की नाही.

या चारही गोष्टींत खोडाचा वाटा असतो, परंतु विक्रेते सांगतात तेवढा तो थेट नसतो. ध्वनीचा मोठा भाग पुड्या आणि त्यांच्यामधील हवा यांच्याकडून येतो. खोडाचे वजन, त्याचा ताठपणा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुडी ज्या काठावर टेकते त्या काठाचा आकार यांनी त्या ध्वनीला वळण मिळते. आधुनिक ड्रमचा काठ बहुधा पंचेचाळीस अंशांत तासून धारदार केलेला असतो, पुडी त्याला अगदी थोड्या जागेत स्पर्श करते, आणि म्हणून उंच उपस्वर मोकळे राहून आवाज उजळ व लांब उमटतो. जुन्या ड्रमचा काठ गोलसर असतो, पुडीचा अधिक भाग लाकडावर टेकतो, उंच उपस्वर तेथेच दबतात, आणि ज्याला लोक ‘जुन्या लाकडाचा ऊबदार आवाज’ म्हणतात तो पुष्कळ अंशी या गोलाईतून येतो. लाकूड दशकानुदशके सुकल्याने नाद सुधारतो हा समज सर्वत्र आढळतो. तो खोटा ठरवण्याचे कारण नाही, परंतु जुन्या ड्रममध्ये लाकडाचे वय, काठाची गोलाई, भिंतीचा पातळपणा आणि कड्याचे वजन ही सर्व कारणे एकत्र नांदत असल्यामुळे केवळ वयासाठी वेगळे पैसे मोजणे शहाणपणाचे नव्हे.

एकाच फळीचे खोड

या क्षेत्रातील सर्वांत चर्चिले गेलेले वाद्य म्हणजे शिकागोच्या स्लिंगरलँड कंपनीचा रेडिओ किंग होय. आधी बँजो बनवणाऱ्या या कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस ड्रमच्या धंद्यात पाऊल टाकले आणि १९३० च्या दशकाच्या मध्यास, जेव्हा अमेरिकेत नृत्यसंगीताचे वाद्यवृंद रेडिओवरून घरोघर पोहोचत होते, तेव्हा रेडिओ किंग हे नाव बाजारात आणले. बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदातील ड्रमवादक जीन क्रूपा हे या कंपनीचे वादक होते, आणि १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या गुडमन यांच्या गाजलेल्या मैफलीनंतर क्रूपा यांच्या शुभ्र, मोतिया झाक असलेल्या ड्रमसंचाची प्रतिमा त्या काळाची खूणच बनून गेली.

रेडिओ किंग स्नेअर ड्रमचे खोड मेपल या कठीण, बारीक धाग्याच्या लाकडाच्या एकाच फळीचे असते. फळी वाफेवर मऊ करून वर्तुळात वाकवली जाते, तिची दोन्ही टोके निमुळती तासून एकमेकांवर चढवून सरसाने चिकटवली जातात, आणि गोलाकार टिकून राहावा म्हणून आतून वर व खाली लाकडाची एकेक पट्टी, म्हणजे आधारकडे, बसवली जाते. अशा खोडात थरांमधला सरस नसतो आणि लाकडाचा धागा परिघाच्या दिशेने सलग फिरतो; दोन आधारकड्यांच्या मधली भिंत पातळच राहत असल्यामुळे खोड हलके होते. काठ गोलसर, कडे भारी आणि मूळच्या कळीवरील तारा खालच्या पुडीच्या काठाबाहेरपर्यंत ताणलेल्या, या सर्वांच्या मिलाफातून आघात टोकदार पण घुमारा गडद आणि आटोपशीर असा नाद निघतो. तो मायक्रोफोनला मानवतो, त्यामुळे स्विंग या नृत्यसंगीताचा काळ सरल्यानंतरही ध्वनिमुद्रणासाठी या ड्रमची मागणी राहिली.

नावाविषयी येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रेडिओ किंग हे एका मालिकेचे नाव होते, एका बांधणीचे नव्हे. त्याच मालिकेतील टॉमटॉम आणि बेस ड्रम तीन थरांच्या खोडाचे असत, आणि पुढे स्लिंगरलँडने स्नेअर ड्रमसाठीही थरांची खोडे वापरली. म्हणून कड्यावर कोरलेले नाव किंवा खोडावरचा बिल्ला पाहून समाधान मानू नये. पुड्या काढून काठाकडे वरून पाहिले असता एकाच फळीच्या खोडात बाहेरची सलग फळी आणि आतले आधारकडे एवढेच दोन भाग दिसतात, तर थरांच्या खोडात रंगछटा बदलणाऱ्या समांतर रेषा दिसतात. शिवाय दोन आधारकड्यांच्या मधल्या भागात फळीच्या निमुळत्या टोकाची तिरकी जोडरेषा शोधल्यास सापडते. विक्रेता पुड्या काढू देत नसेल किंवा आतल्या भागाची छायाचित्रे पाठवण्यास टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

रेडिओ किंगची ख्याती मोठी असली तरी कारखान्यातील काम एकसारखे नव्हते, आणि ही गोष्ट त्याचे चाहतेही मान्य करतात. काही खोडांचे काठ सपाट नसतात. खालच्या काठावर तारा जाण्यासाठी जो उथळ खळगा कोरलेला असतो तो काहींत वेडावाकडा किंवा गरजेपेक्षा खोल निघतो. आणि वाफेने वाकवलेल्या लाकडाची सरळ होण्याची प्रवृत्ती पूर्णपणे कधीच जात नसल्याने कित्येक खोडे ऐंशी वर्षांत लंबवर्तुळाकार होतात, जोड उकलते किंवा आधारकडे सुटते. एकच नाव, एकच वर्ष आणि एकच माप असलेले दोन रेडिओ किंग शेजारी ठेवले असता एक अप्रतिम आणि दुसरा अगदी बोथट वाजावा असे घडते. तेव्हा कीर्तीच्या भरवशावर न ऐकता घेतलेला रेडिओ किंग म्हणजे सोडतीचे तिकीट समजावे.

थरांची खोडे आणि बिल्ल्यांचा इतिहास

थरांचे खोड स्वस्त म्हणून कमअस्सल असा समज रेडिओ किंगच्या वलयामुळे पसरला आहे, तो मात्र टिकणारा नाही. पातळ थर एकमेकांच्या आडव्या धाग्यांनी चिकटवून साच्यात दाबले असता खोड अधिक स्थिर राहते, आणि १९५० व १९६० च्या दशकांतील जॅझ व रॉक संगीताचा फार मोठा भाग अशाच खोडांवर वाजवला गेला आहे.

लुडविग या नावाचा इतिहास संग्राहकाने माहीत करून घ्यावा, कारण बिल्ल्यावरून काळ ओळखण्याची किल्ली त्यात आहे. विल्यम आणि थिओबाल्ड या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये शिकागो येथे कंपनी स्थापन केली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती सी. जी. कॉन या मोठ्या वाद्यनिर्मात्या कंपनीकडे गेली. १९३७ मध्ये विल्यम लुडविग यांनी आपल्या नावाच्या आद्याक्षरांनी डब्ल्यूएफएल ही नवी कंपनी काढली, आणि १९५५ मध्ये कॉनकडून आपले जुने नाव परत विकत घेतले. याचा व्यावहारिक अर्थ असा की १९५० च्या दशकाच्या आरंभीचा डब्ल्यूएफएल बिल्ला असलेला ड्रम हा नंतरच्या लुडविगचा सख्खा पूर्वज असतो, पण प्रसिद्ध नाव नसल्यामुळे अनेकदा कमी किमतीत मिळतो. वाजवण्यासाठी जुना ड्रम शोधणाऱ्याने या बिल्ल्याकडे अवश्य लक्ष द्यावे.

९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सचा कार्यक्रम अमेरिकी दूरचित्रवाणीवर सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला आणि रिंगो स्टार यांच्या बेस ड्रमवरील लुडविग हे नाव घराघरांत पोहोचले. त्यानंतर मागणी इतकी वाढली की त्या दशकातील लुडविग ड्रम आजही मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. ते जुने आहेत, चांगले आहेत, पण दुर्मीळ नाहीत, आणि ‘दुर्मीळ’ हा शब्द विक्रेता वापरतो तेव्हा नेमके काय दुर्मीळ आहे असे विचारावे. या ड्रमच्या बाबतीत दुर्मीळता रंग, माप आणि वर्ष यांच्या जुळणीत असते. रिंगो स्टार यांचा स्नेअर ड्रम जॅझ फेस्टिव्हल या जातीचा, साडेपाच इंच खोलीचा, काळ्या शिंपल्याच्या झाकीच्या वेष्टनाचा आणि १९६३ चा होता; नेमकी तीच जुळणी असलेल्या ड्रमला जी किंमत येते ती त्याच कारखान्यातून त्याच सुमारास निघालेल्या, तितक्याच चांगल्या वाजणाऱ्या पण पाच इंची, साध्या रंगाच्या ड्रमला येत नाही. स्टार यांचा एक मूळ लुडविग संच २०१५ च्या लिलावात २० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला, परंतु तो आकडा वादकाच्या स्पर्शाचा आहे, लाकडाचा नव्हे, आणि कोणत्याही अन्य ड्रमच्या किमतीसाठी तो आधार म्हणून पुढे केला जात असेल तर हसून सोडून द्यावे.

लुडविगच्या त्या काळच्या खोडात बाहेरून-आतून मेपल किंवा महोगनी आणि मध्ये मऊ पॉपलर असे तीन थर व आधारकडी असत, १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर आधारकडी नसलेली सहा थरांची खोडे आली, आणि त्याबरोबर आवाजही उजळ झाला. ब्रुकलिनच्या ग्रेट्श कंपनीने मात्र आधारकड्यांवाचून उभे राहणारे थरांचे खोड फार आधी रूढ केले होते. आतून रुपेरी लेप, ओतीव जाड कडी आणि १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंतचा गोल बिल्ला या तिच्या खुणा असून मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी, एल्विन जोन्स, टोनी विल्यम्स अशा जॅझवादकांमुळे या ड्रमना आजही मान आहे. ओहायो राज्यातील रॉजर्स कंपनीचा डायनासॉनिक हा ड्रम १९६० च्या दशकाच्या आरंभी आला; त्यात तारांची पट्टी स्वतंत्र चौकटीत बसवलेली असल्याने तारांचा ताण खालच्या पुडीवर अवलंबून राहत नाही. हा ड्रम मुख्यतः पितळी खोडात बनला, लाकडी खोडात थोडाच, आणि म्हणून लाकडी डायनासॉनिक हाती आला की तारांची मूळ चौकट जागेवर आहे का हे प्रथम पाहावे, कारण ती हरवली असेल तर त्या ड्रमचे निम्मे प्रयोजनच हरवलेले असते.

युद्धकाळातील लाकडी लग

दुर्मीळता आणि नाद या दोन गोष्टी परस्परांपासून किती अलग असू शकतात याचा नमुना युद्धकाळाने घालून दिला आहे. १९४२ पासून अमेरिकी सरकारने वाद्यांत वापरायच्या धातूवर निर्बंध घातले आणि ड्रमच्या एकूण वजनात धातूचा वाटा एकदशांशाहून अधिक नसावा असे ठरवले. ज्या वाद्यात लग, कळ, स्क्रू आणि कडी हे सर्व धातूचे असते त्याच्यासाठी हा नियम म्हणजे सगळी रचनाच नव्याने करणे होते. स्लिंगरलँडने रोलिंग बॉम्बर या नावाने रोजवुडचे लग बसवलेले ड्रम काढले, डब्ल्यूएफएलने आणि ग्रेट्शनेही आपापल्या युद्धकालीन मालिका आणल्या. निर्बंध उठताच हे ड्रम मागे पडले. अनेकांवर पुढे धातूचे लग चढवले गेले, लाकडी लग तडकले किंवा त्यांच्यातील आटे झिजले, आणि त्यामुळे सर्व मूळ भागांसह शिल्लक असलेला रोलिंग बॉम्बर आज संग्राहकांना फार मोलाचा वाटतो. खोड तेच असल्याने तो चांगला वाजू शकतो, परंतु आजच्या वादकाला लागणारा ताण त्याच्या लाकडी लगांवर देणे म्हणजे ते मोडून घेणे होय. असे वाद्य काचेच्या कपाटातच शोभते, आणि विकत घेणाऱ्याने ते मान्य करूनच घ्यावे.

तपासणी

जुना ड्रम प्रत्यक्ष पाहण्याची संधी असेल तर पुढील क्रमाने पाहावे, आणि नसेल तर याच गोष्टींची स्पष्ट छायाचित्रे मागवावीत. प्रथम पुड्या काढून खोड एखाद्या जाड काचेवर किंवा गुळगुळीत ग्रॅनाइटवर ठेवावे, खोली अंधारी करून खोडाच्या आत दिवा ठेवावा, आणि काठाखालून प्रकाश कोठे कोठे पाझरतो हे पाहावे. खालच्या काठावर समोरासमोर दोन खळग्यांतून येणारा प्रकाश अपेक्षितच असतो, बाकी कोठेही तो दिसला तर काठ सपाट नाही. नंतर चार-पाच दिशांनी व्यास मोजावा. एक-दोन मिलिमीटरचा फरक जुन्या लाकडात चालून जातो, त्याहून अधिक असेल तर पुडी एकसारखी ताणली जाणार नाही आणि खोड पुन्हा गोल करणे हे साध्या कारागिराचे काम नव्हे. जोडरेषेवर बोट फिरवावे, आधारकडी नखाने हलकेच ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे.

यानंतर भोके मोजावीत, कारण संग्राहकाच्या दृष्टीने जुन्या ड्रमचा खरा दाखला तेथे असतो. पूर्वीच्या मालकाने वेगळी कळ बसवण्यासाठी, आवाज दाबण्याचे यंत्र लावण्यासाठी किंवा लग बदलण्यासाठी पाडलेले प्रत्येक जादा भोक किंमत उतरवते. नादावर मात्र दोन-चार छोट्या भोकांचा परिणाम ऐकू येण्याजोगा नसतो, आणि म्हणून वाजवण्यासाठी घेणाऱ्याला अशाच ड्रममध्ये खरा लाभ असतो. एखादा लग काढून त्याखालच्या वेष्टनाचा रंग पाहावा. जुने वेष्टन सेल्युलॉइडच्या जातीचे असल्याने उजेडाने पिवळटते, शुभ्र मोतिया वेष्टन तर सायीच्या रंगावर जाते, पण लगाखालचा भाग मूळ रंगाचा राहतो. लगाखाली व बाहेर एकच रंग दिसला तर वेष्टन नवे असण्याचा संशय धरावा, कारण जुन्या झाकींची नवी वेष्टने आज सहज मिळतात. बिल्ला खोडाला ज्या धातूच्या नळीने आवळलेला असतो ती नळी सैल, चेपलेली किंवा चकचकीत असेल तर बिल्ला काढून पुन्हा बसवला गेला आहे, आणि असे का करावे लागले हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. खोडाच्या आत शिक्क्याने उमटवलेली तारीख असेल तर ती उत्तम पुरावा होय. बिल्ल्यावरील क्रमांकावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये. लुडविगच्या कारखान्यात क्रमांकित बिल्ले काटेकोर क्रमाने लावले जात नसत, त्यामुळे त्यावरून दोन-तीन वर्षांचा अंदाज तेवढा बांधता येतो.

शेवटी पुडी. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेमो बेली आणि चिक इव्हान्स यांनी प्लॅस्टिकच्या फिल्मच्या पुड्या बाजारात आणल्या, त्यापूर्वी सर्व ड्रमवर वासराचे कातडे असे. कातडे ओले करून लाकडी कड्यावर मढवले जाई, त्यामुळे खोड थोडे मोठे असले तरी त्याचे जमून जाई. प्लॅस्टिकच्या पुडीचे कडे ठरावीक मापाचे असते, आणि त्या काळच्या वेष्टन लावलेल्या काही खोडांवर ते घट्ट बसते किंवा बसतच नाही. अशा वेळी खोड किंवा वेष्टन घासून बारीक करण्याचा सल्ला देणारे दुकानदार भेटतात. तो मानू नये. जुन्या खोडांसाठी किंचित मोठ्या मापाच्या पुड्या बनतात, त्या मागवाव्यात.

दुरुस्ती कोठे थांबवावी

काठ नव्याने तासावा की नाही, हा या क्षेत्रातील सर्वांत भांडणाचा प्रश्न आहे. काठ सपाट नसेल तर ड्रम कधीच नीट लागत नाही, म्हणून वादकाच्या दृष्टीने तो तासणे क्रमप्राप्त ठरते. परंतु कारागिराने आधुनिक सवयीने धारदार काठ काढला तर ज्या गोलाईसाठी हा ड्रम घेतला तीच नाहीशी होते, आणि संग्राहकाच्या दृष्टीने तर एकदा तासलेले लाकूड परत येत नाही. यातून मार्ग असा की काठ केवळ सपाट करण्यापुरता, मूळ गोलाई राखून आणि कमीत कमी लाकूड उडवून घासावा, तोही जुन्या खोडांची सवय असलेल्या कारागिराकडून, आणि त्याआधीची छायाचित्रे जपून ठेवावीत. विख्यात ड्रमवादक बडी रिच यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत दुरुस्त केलेला जुना रेडिओ किंग संच वापरला होता, ही गोष्ट ‘मूळ अवस्थेला हात लावू नये’ असे सरसकट सांगणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. ज्या ड्रमचे सर्व भाग मूळचे, भोके कारखान्याची आणि वेष्टन अभंग आहे, तो वाजत नाही म्हणून त्यावर करवत-रंधा चालवणे हे पैशाचे आणि इतिहासाचेही नुकसान होय. असा ड्रम संग्राहकाला विकून त्या पैशात वाजवण्याजोगा, भोके पडलेला पण सुदृढ खोडाचा दुसरा ड्रम घ्यावा, आणि तरीही काही रक्कम हाती उरण्याचा संभव असतो. मधल्या दुरुस्त्यांचा नियम सोपा आहे: जे परत फिरवता येते ते करावे. मूळ कळ काम देत नसेल तर त्याच भोकांत बसणारी नवी कळ लावून जुनी कागदात गुंडाळून ठेवावी. तारा, पुड्या आणि रबरी वॉशर हे झिजणारे भाग समजून बेलाशक बदलावेत. निकेलच्या मुलाम्यावरील डागांवर पितळ घासण्याची पूड वापरू नये, कारण मुलामा पातळ असतो आणि त्याखालचे पितळ उघडे पडते. सुटलेले वेष्टन गरम हवेच्या यंत्राने सैल करण्याचा मोहही टाळावा. जुने सेल्युलॉइड सहज पेट घेते.

मुंबई-गोव्याकडे आणि पावसाळ्यात

ही वाद्ये महाराष्ट्राला आणि गोव्याला अगदीच परकी नाहीत. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, त्यानंतर अनेक परदेशी जॅझवादक तेथे आले, त्यांच्या सहवासात चिक चॉकलेट यांच्यासारखे गोमंतकीय वादक पुढे आले, आणि हेच वादक हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. तेव्हा एखाद्या जुन्या वादकाच्या घरातून ड्रम निघाला तर तो भंगारात घालण्यापूर्वी बिल्ला आणि खोडाचा आतला भाग पाहावा. असा ड्रम विकणाऱ्या कुटुंबाला त्याची खरी ओळख सांगूनच भाव ठरवावा हे वेगळे सांगायला नको.

परदेशातून मागवताना किमतीत वाहतूक, विमा आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करावा, आणि रोजवुडचे भाग असलेल्या वाद्यांबाबत वन्य प्रजातींच्या व्यापारावरील साइटीस कराराची चौकशी आधी करावी. शिसव आणि रोजवुड यांची डाल्बर्जिया ही सबंध प्रजाती २०१७ पासून या कराराच्या कक्षेत आली, २०१९ मध्ये तयार वाद्यांना बरीच सूट मिळाली, परंतु ब्राझिली रोजवुडला ती लागू नाही.

कोकणपट्टीच्या हवेत जुन्या ड्रमला सर्वांत मोठा धोका दमटपणाचा असतो, कारण वाकवलेल्या फळीची जोड आणि आधारकडी ज्या जुन्या सरसावर उभी असतात तो ओलाव्याने सैल होतो. ड्रम माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधूनही ठेवू नये, कारण आत अडकलेली वाफ लाकडातच मुरते. सुती खोळ, कडक पेटी आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, ज्या पावसाळ्यात पंधरा दिवसांनी बदलाव्यात, एवढी व्यवस्था पुरते. पुड्या काढून खोड उघडे ठेवण्याची पुष्कळांना सवय असते, पण दोन्ही पुड्या बसवून त्यांना हलका, सर्व बाजूंनी सारखा ताण दिल्यास खोड गोल राहण्यास मदत होते. मूळचे कातडे अजून बसवलेले असेल तर ते आषाढ-श्रावणात सैल पडते आणि आश्विनानंतर पुन्हा आवळते. सैल पडले म्हणून पावसाळ्यात स्क्रू आवळले तर हवा कोरडी होताच तो ताण कातड्याला सोसत नाही आणि ते काठाशी फाटते, म्हणून पाऊस संपेपर्यंत त्याला हात लावू नये.